जलतरण तलाव उपसण्याआधी बाहेरचे पाणी पाहा

पत्र : नागपूरच्या नरेंद्रनगर भागातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव लिहितात : आमच्या संस्थेचा जलतरण तलाव 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 1.1 ते 1.9 मीटर खोल असून तो सिमेंट काँक्रीटचा आहे. जूनमध्ये फिल्टरचा पंप जळाला आणि आता, ऑगस्टमध्ये, पाणी हिरवेगार झाले आहे. तळाच्या काही टाइल्स सुटल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी रोज बोटभर कमी होत असे, परंतु जुलैपासून गळती आपोआप थांबली आहे. शेजारच्या बंगल्यातील विहिरीत पाणी जमिनीपासून चार फुटांवर आले आहे. ठेकेदार म्हणतो की पोळ्याच्या आधी दोन दिवसांत तलाव उपसून, अ‍ॅसिडने धुऊन, टाइल्स बसवून देतो. उपसलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून ते पावसाचे पाणी मुरवण्याच्या खड्ड्यात सोडावे, असे काही सभासदांचे मत आहे. तर डेंग्यूच्या भीतीने तलाव दिवाळीपर्यंत कोरडाच ठेवावा, असे इतरांना वाटते. आम्ही काय करावे?

सल्ला :

सचिव महोदया,

तलाव आत्ता उपसू नका. ठेकेदाराला थांबवा आणि दुरुस्तीचे काम फेब्रुवारी अखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या काळात घ्या. हिरवे पाणी न उपसता स्वच्छ करता येते, आणि डेंग्यूच्या भीतीवर कोरडा तलाव हा उपाय नाही. या दोन्हींविषयी पुढे लिहितो.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : जुलैपासून गळती आपोआप थांबली. तलावाची भेग आपोआप बुजत नाही. काळी माती फुगून भेगेवर दाबली गेली आणि त्यामुळे गळती मंदावली, असे क्वचित घडते. पण त्याहून अधिक संभवनीय कारण असे की तलावाच्या भिंतीबाहेरचे पाणी आता आतल्या पाण्याच्या जवळपास पातळीला येऊन ठेपले आहे. आत आणि बाहेर दाब सारखा झाला की पाण्याला बाहेर जाण्याचे कारणच उरत नाही. सभासदांना जी चांगली बातमी वाटली, ती वास्तविक तलाव उपसू नका असे सांगणारी सूचना आहे. याची पडताळणी करणे सोपे आहे. चार-पाच दिवस पाऊस किती पडला हे सरळ बाजूंच्या डब्यात मोजा आणि तलावाची पातळी किती वाढली हे टाइलवर खूण करून पाहा; कडेच्या फरशीवरचे पाणी आत वाहत येत नसताना तलाव पावसाच्या मापापेक्षा जास्त भरत असेल, तर जमिनीतले पाणी भेगेतून आत शिरत आहे हे नक्की समजावे.

आता धोका नेमका काय आहे, ते आपल्याच तलावाच्या आकड्यांवरून पाहू. सरासरी 1.5 मीटर खोली धरली तर आपल्या तलावात सुमारे 108 घनमीटर, म्हणजे 1 लाख 8 हजार लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन 108 टन होते. तळ आणि भिंती प्रत्येकी 20 सेंटीमीटर जाडीच्या आहेत असे मानले, तर रिकाम्या तलावाच्या काँक्रीटचे व टाइल्सचे वजन जेमतेम 70 टन भरते. तळाचे बाहेरून क्षेत्रफळ साधारण 79 चौरस मीटर आहे; त्यामुळे बाहेरचे पाणी तळाखालून जितके वर चढेल, त्या प्रत्येक 10 सेंटीमीटरमागे ते रिकाम्या तलावाला सुमारे 8 टनांनी वर ढकलते. हे पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून सरासरी 88 सेंटीमीटर, म्हणजे जमिनीपासून सुमारे 80 सेंटीमीटर खोलीपर्यंत आले की वजन आणि उचल यांची बरोबरी होते आणि त्यापुढे अख्खा तलाव नावेसारखा तरंगू लागतो. भिंतीला चिकटलेली माती थोडाफार आधार देते, पण ओल्या काळ्या मातीच्या भरवशावर कोणताही अभियंता सही करणार नाही.

तलाव तरंगण्याच्या आधीच तळ फुटण्याचा धोका असतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. 20 सेंटीमीटर जाडीच्या तळाचे वजन दर चौरस मीटरला अर्धा टन असते आणि तेवढे वजन पेलायला अर्धा मीटर पाणी पुरते. आपल्या तलावाच्या खोल टोकाला तळाची खालची बाजू जमिनीपासून 2.1 मीटर खोल आहे. विहिरीची पातळी खरी मानली, म्हणजे पाणी 1.2 मीटरवर आहे असे धरले, तर तेथे तळाखाली 90 सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब आहे. अर्धा टन तळाचे वजन वजा केले तरी दर चौरस मीटरला 0.4 टन दाब तळाला खालून वर रेटत राहतो. भरलेल्या तलावात आतले पाणी हा दाब सहज पेलते आणि उपसलेल्या तलावात तो एकट्या सळ्यांना पेलावा लागतो. टाइल्स फुगून सुटणे, सांध्यांतून पाणी पाझरून पांढरे डाग पडणे, मधोमध आडवी भेग जाणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत. आपल्या तळाच्या टाइल्स कशामुळे सुटल्या, हे दुरुस्तीआधी तपासायला हवे. त्या नुसत्याच पुन्हा चिकटवल्या तर पुढच्या भाद्रपदात त्या पुन्हा हातात येतील.

विहीर मात्र पूर्ण सत्य सांगत नाही. तलावासाठी खड्डा खणताना तो बांधकामापेक्षा मोठा खणतात आणि भिंत उभी राहिली की मागची पोकळी मुरूम, गिट्टी, विटांचे तुकडे अशा सैल भरावाने बुजवतात. सभोवतालची काळी माती पाणी अतिशय हळू सोडते, खालचा कठीण खडकही सोडत नाही. परिणामी हा भराव म्हणजे तलावाभोवती गुंडाळलेली दुसरी टाकीच होते, जिच्यात पावसाचे, बागेचे, गळक्या नळाचे आणि खुद्द तलावाच्या गळतीचे पाणी साचून राहते. अशा भरावात चतुर्थांश पोकळी असेल तर त्यावर थेट पडलेला 100 मिलिमीटर पाऊस आतली पातळी 40 सेंटीमीटरने चढवतो, आणि गच्चीचा पन्हळ तिकडे वळवला असेल तर त्याहूनही जास्त. आपल्या तलावात 40 सेंटीमीटरचा फरक म्हणजे 1.2 मीटरवरचे पाणी 80 सेंटीमीटरवर येणे; नेमका तोच तरंगण्याचा बिंदू. नागपुरात असा पाऊस अपवादात्मक म्हणून सोडून देता येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या रात्री एखादा जलतरण तलाव उपसून ठेवलेला असता, तर त्याला वाचवण्यासाठी लागणारी वीजही अनेक भागांत नव्हती. तळाखालचे पाणी पंपाने सतत उपसत राहू, असे ठेकेदार म्हणाला तर त्याला हे जरूर विचारा : वादळी पावसात वीज गेल्यावर पंप कोण चालवणार?

म्हणून आपल्याला पहिला खर्च करायचा आहे तो निरीक्षण नळीवर, आणि तो मामुली आहे. तलावाच्या खोल टोकाला, भिंतीपासून हात-दीड हात अंतरावर, भरावात 4 इंची पीव्हीसी पाइप उभा बसवा. त्याचा खालचा भाग छिद्रे पाडून जाळीत गुंडाळलेला असावा, भोवती बारीक गिट्टी असावी आणि टोक तळाच्या खालच्या बाजूहून निदान अर्धा मीटर खोल जावे. वरच्या तोंडाभोवती सिमेंटची कड करून झाकण लावा, म्हणजे पृष्ठभागावरचे पाणी थेट आत पडणार नाही. टेपला छोटे वजन बांधून आठवड्यातून एकदा पातळी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. भोक पाडणारे कारागीर तलावाच्या जवळून जाणारे पाइप व वायरिंग तोडणार नाहीत, एवढी काळजी घ्या. परिसराच्या भूजलाचा सर्वसाधारण कल पाहायचा असेल, तर राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि केंद्रीय भूजल मंडळ या दोन्हींची कार्यालये नागपुरात आहेत आणि त्यांच्या निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा होते. परंतु उपसण्याचा निर्णय आपल्या नळीवरूनच घ्यावा.

या नळीमुळे एक सरळ नियम पाळता येतो : आतले पाणी बाहेरच्या पाण्याच्या खाली जाऊ द्यायचे नाही. तो पाळला तर कितीही पाऊस पडला तरी तलावाला वर ढकलणारा दाब तयार होत नाही.

काही तलावांच्या तळात, मेन ड्रेनच्या खड्ड्यात, दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह असतो. बाहेरचा दाब वाढला की तो आपोआप उघडतो आणि जमिनीतले पाणी आत घेतो. आपल्याकडे तो आहे का, हे जुन्या नकाशावरून किंवा बांधकाम करणाऱ्याकडून विचारून घ्या. तो असला तरी त्याच्यावर विसंबू नका, कारण वर्षानुवर्षे क्षार, वाळू आणि अ‍ॅसिडच्या धुण्याने त्याची स्प्रिंग जाम झालेली असते आणि तळाखाली गिट्टीचा थर नसेल तर त्याच्यापर्यंत पाणीच नीट पोहोचत नाही. दुरुस्तीच्या यादीत तो नवीन बसवणे हे पहिले काम ठेवा.

आता हिरव्या पाण्याकडे वळू. प्रथम पंप दुरुस्त करा. त्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ आहे. नंतर पाण्याचा सामू (पीएच) 7.2 ते 7.4 दरम्यान आणा, मुक्त क्लोरीनचे प्रमाण लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास चढवा, ते संध्याकाळी सोडा म्हणजे उन्हाने उडून जाणार नाही, भिंती व तळ ब्रशने घासा आणि फिल्टर अहोरात्र चालवून तो वारंवार उलट दिशेने पाणी सोडून धुवा. तुरटीने गाळ खाली बसतो. तो व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचा असतो, फिल्टरमधून फिरवायचा नसतो. पाणी हिरव्याचे राखाडी आणि राखाडीचे स्वच्छ व्हायला साधारण आठवडा लागू शकतो. या काळात पाण्यात कोणालाही उतरू देऊ नका, आणि तळ स्पष्ट दिसेपर्यंत तर मुळीच नाही, कारण बुडणारा माणूस हिरव्या पाण्यात दिसत नाही. थोडे पाणी बदलावेसे वाटले तर वरचे 20-30 सेंटीमीटर काढून तेवढेच ताजे भरा. तेही नळीतली पातळी पाहून.

डेंग्यूचे डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. कोरड्या तलावाच्या खोल टोकाला प्रत्येक सरीनंतर जे वीतभर पाणी साचते, ते डासांसाठी भरलेल्या आणि फिरत्या, क्लोरीनयुक्त पाण्यापेक्षा कितीतरी सोयीचे असते. शिवाय ते पाणी दिसले की चौकीदार भाबडेपणाने पंप लावतो, आणि बाहेरची पातळी चढलेली असताना आतले ते थोडेसे वजनही काढून टाकतो. भर पावसात रिकाम्या तलावात साचलेले पाणी उपसणे ही या सगळ्या प्रकारातली सर्वांत महागडी कामगिरी ठरू शकते. कधी काळी तलाव रिकामा असताना अवकाळी पावसाने बाहेरची पातळी चढू लागली, तर नळ सोडून तलाव मुद्दाम भरायचा असतो, हे चौकीदाराला आजच समजावून ठेवा. गप्पी मासे सोडण्याचीही सूचना सभेत येईल. ते विहिरीसाठी उत्तम आहेत, पण क्लोरीनच्या पाण्यात जगत नाहीत.

पाणी मुरवण्याच्या खड्ड्याविषयी सभासदांचा हेतू चांगला असला तरी त्यास माझा स्पष्ट विरोध आहे. क्लोरीन, शेवाळनाशके आणि अ‍ॅसिड असलेले पाणी मुरवणीच्या खड्ड्यात किंवा बोअरमध्ये सोडणे म्हणजे ज्या पाण्यावर शेजाऱ्यांच्या विहिरी चालतात त्यातच घाण मिसळणे होय. आणि तो खड्डा तलावाच्या जवळ असेल तर तलावातून काढलेले पाणी काही तासांत तलावाच्या तळाखाली येऊन त्यालाच वर ढकलू लागेल. गच्चीचे पाणी मुरवणारा खड्डा तलावापासून किती अंतरावर आहे, हे मोजून पाहा. अनेक संस्थांत मोकळी जागा म्हणून तो नेमका तलावाच्या कडेला खणलेला आढळतो. तसे असेल तर तो उताराच्या दिशेने दूर हलवणे, हे टाइल्सपेक्षा अधिक निकडीचे काम आहे.

उपसलेले पाणी इमारतीच्या पायाजवळच्या काळ्या मातीतही सोडू नये. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते; एका बाजूचा पाया फुगला आणि दुसरा कोरडा राहिला की भिंतींना तिरक्या चिरा पडतात. सेप्टिक टँकमध्येही नको, कारण एवढे पाणी आतला गाळ ढवळून बाहेर काढते आणि क्लोरीन त्यातले उपयोगी जिवाणू मारते. पावसाळी नाल्यातले पाणी कोणत्याही प्रक्रियेविना नदीला मिळते, त्यामुळे तोही मार्ग वर्ज्य समजा. गडर लाइनमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीत, पाणी सोडायचे असल्यास महानगरपालिकेच्या झोन कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या आणि प्रवाह मंद ठेवा. दोन इंची, एक अश्वशक्तीचा पंप मिनिटाला सुमारे 200 लिटर पाणी फेकतो असे धरले तर आपला तलाव रिकामा व्हायला नऊ तास लागतात. मी तो दोन दिवसांत, दिवसाउजेडी, थांबत थांबत उपसावा असे सांगेन.

सर्वांत चांगला उपयोग म्हणजे बाग किंवा शेत. 108 घनमीटर पाणी ऐकायला फार वाटते, परंतु एक एकरावर पसरले तर ते 27 मिलिमीटर, म्हणजे एका बऱ्या सरीइतके भरते. त्यासाठी उपसण्याआधी आठ-दहा दिवस क्लोरीन घालणे बंद करा आणि तपासणी संचात क्लोरीन शून्यावर आले की मगच पाणी सोडा. उन्हाने साधे क्लोरीन लवकर उडते, पण क्लोरीनच्या गोळ्या वापरत असाल तर त्यातील स्थिरक ते धरून ठेवतो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरता येते. हजार लिटरमागे क्लोरीनच्या प्रत्येक मिलिग्रॅम प्रतिलिटर प्रमाणासाठी 3 ते 4 ग्रॅम पुरते, त्यामुळे क्लोरीन 2 असेल तर आपल्या तलावाला पाऊण किलो लागेल. मिठापासून क्लोरीन बनवणारे यंत्र असलेल्या तलावाचे पाणी मात्र झाडांना घालू नये.

आता प्रत्यक्ष उपसण्याविषयी. फेब्रुवारी अखेरीस नळीत पाणी तळाच्या खालच्या बाजूपेक्षा खाली गेलेले असेल आणि आठवडाभर तेथेच टिकले असेल, तर काम सुरू करा. पातळी त्याहून वर असेल तर थांबा किंवा रचना-अभियंत्याला बोलवा. सुरुवातीला गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपने तलावाच्या चारही कोपऱ्यांच्या कडा इमारतीच्या एखाद्या पक्क्या खांबावरील खुणेशी जुळवून नोंदवा. अर्धे पाणी काढून एक दिवस थांबा आणि तीच मोजणी पुन्हा करा. एखादा कोपरा पाच मिलिमीटरनेही हललेला दिसला किंवा कडेची फरशी आणि तलावाचा काठ यांच्यामध्ये नवी फट दिसली, तर काम तेथेच थांबवून पाणी परत भरायला घ्या. सर्व ठीक असेल तर उरलेले पाणी काढा. शेवटचे वीतभर पाणी काढताना पंपाच्या वायरवर चिकटपट्टीचे जोड नसावेत, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे 30 मिलिअँपिअरचे स्विच असावे, आणि पाण्यात उभा असलेला माणूस पंपाला हात लावण्याआधी प्लग काढलेला असावा. टुल्लू पंप घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलेला कामगार पाहिला की मला पुढचे वाक्य सुचत नाही.

अ‍ॅसिडने धुण्याची ठेकेदाराला जेवढी हौस आहे, तेवढी गरज बहुधा नसते. अ‍ॅसिडमुळे टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट झिजते. धुवायचेच असेल तर अ‍ॅसिड पाण्यात घालावे, पाणी अ‍ॅसिडमध्ये नव्हे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खोल टोकाला साचते. म्हणून पंखा, मुखवटा आणि वर पहारा देणारा दुसरा माणूस हवा. त्याच दिवशी तेथे ब्लीचिंग पावडर नेऊ देऊ नका, कारण दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. धुतलेले पाणी सोडा अ‍ॅश घालून उदासीन केल्याशिवाय कोठेही सोडू नये.

रिकाम्या तलावाला एप्रिलचे ऊनही मानवत नाही. तापलेल्या टाइल्स प्रसरण पावून सुटतात, ओलावा गेलेले काँक्रीट आकसते; म्हणून वर हिरवी जाळी ताणा आणि तळ व भिंतींवर ओली पोती ठेवा. काम आठ-दहा दिवसांत संपवून तलाव लगेच भरा. नवतपा येईपर्यंत लांबवू नका आणि मृगाच्या आधी तर तो काठोकाठ भरलेला हवाच. उन्हाळ्यात 1 लाख लिटर पाणी एकदम मिळणे अवघड जाते, त्यामुळे भरण्याची व्यवस्था उपसण्याआधी ठरवा. तलाव रिकामा असेल तितके दिवस भोवती पक्का अडथळा आणि रात्री दिवा ठेवा. मुलांना तेथे क्रिकेटचे मैदान दिसते.

ठेकेदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती पंपाच्या दुरुस्तीच्या आणि निरीक्षण नळीच्या कामात वळती करून घ्या. नव्या करारात तीन गोष्टी लिहून घ्या : नळीतली पातळी दोघांच्या सहीने नोंदल्याशिवाय उपसा सुरू होणार नाही, दाबमुक्तीचा व्हॉल्व्ह बसवणे कामात समाविष्ट राहील, आणि तलाव रिकामा असताना तो उचलला गेल्यास किंवा तळ फुटल्यास नुकसानीची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट असेल. तिसऱ्या अटीवर तो सही करायला तयार नसेल, तर दुसरा ठेकेदार शोधायला आपल्याकडे फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे.